दिवसा उघडणारं फोल्डर रात्री बंद का?

आमच्या ऑफिसातली बॅकअपची व्यवस्था कागदावर चोख होती. कपाटावर एक नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडलेला दोन डिस्कचा बॉक्स. त्यावर एक शेअर केलेलं फोल्डर. रात्री दोन वाजता प्रत्येक कॉम्प्युटरवरचं बॅकअपचं सॉफ्टवेअर जागं होऊन त्या फोल्डरात आपापली प्रत टाकणार. सात-आठ कॉम्प्युटरच्या ऑफिसाला एवढं पुरतं. माझं मूळ काम वेगळंच आहे, पण कॉम्प्युटरचं काही अडलं की लोक माझ्याच टेबलाशी येतात, त्यामुळे हे प्रकरणही माझ्याकडेच आलं.

काही कॉम्प्युटर नवे आले होते. त्यानंतर बॅकअपच्या यादीत एकेक ओळ लाल होत गेली. सगळ्या एकदम लाल झाल्या असत्या तर बरं झालं असतं, कारण मग बॉक्स तरी बिघडलाय किंवा वायर तरी सुटलीय, असं धरून चालता आलं असतं. इथे निम्म्या ओळी हिरव्या आणि निम्म्या लाल. त्यात लाल ओळींखालचा मजकूरही सारखा नव्हता. एका ठिकाणी ‘पाथ सापडत नाही’, दुसऱ्या ठिकाणी ‘ॲक्सेस डिनाइड’, तिसऱ्या ठिकाणी नुसताच एक आकडा.

हिशेब बघणाऱ्या ताईंकडे गेलो तर त्यांनी तेच फोल्डर माझ्यासमोर उघडलं. “माझ्याकडे तर उघडतंय की! हे बघा, फाईलसुद्धा टाकून दाखवते.” टाकलीही. बॅकअप मात्र त्याच कॉम्प्युटरवर रोज रात्री फसत होता.

अशा वेळी पहिला मोह होतो तो सगळं सैल करण्याचा: शेअरवर, म्हणजे त्या शेअर केलेल्या फोल्डरवर, ‘एव्हरीवन’ला ‘फुल कंट्रोल’ द्यायचा, फायरवॉल बंद करायची, बॉक्स रीस्टार्ट करायचा. यातलं काही केलं आणि चाललं, तर नक्की कशामुळे चाललं ते कळत नाही, आणि सैल केलेलं पुन्हा आवळायला कोणी जात नाही. म्हणून आधी फक्त पाहायचं, कशालाही हात लावायचा नाही, असं ठरवलं.

पाहायचं काय? शेअरपर्यंत पोचणं ही एक गोष्ट नसून चार-पाच गोष्टींची साखळी असते. बॉक्सचं नाव बरोबर पत्त्याकडे जातंय का, त्या पत्त्यावर फाईल शेअरिंगचा पोर्ट, म्हणजे जोडणीचं दार, उघडा आहे का, दोघांना एसएमबीची, म्हणजे नेटवर्कवरून फाईली देण्या-घेण्याच्या भाषेची, एकच आवृत्ती मान्य आहे का, विचारणाऱ्याची ओळख पटतेय का, आणि पटल्यावर त्याला त्या फोल्डरात लिहायची परवानगी आहे का. कुठलाही दुवा तुटला तरी स्क्रीनवर साधारण एकच वाक्य दिसतं. पण कमांडच्या काळ्या खिडकीतून ‘नेट यूज’ने शेअर जोडून पाहिलं की विंडोज निमूटपणे एक आकडा सांगतं, आणि त्या आकड्याला अर्थ असतो. ५३ म्हणजे तिथवर पोचताच आलं नाही. ६७ म्हणजे बॉक्स सापडला, पण त्या नावाचा शेअर त्याच्यावर नाही. ८६ किंवा १३२६ म्हणजे नाव-पासवर्ड जुळत नाही. ५ म्हणजे ओळख पटली, पण परवानगी नाही. ही यादी मी चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवली. एरर संदेशांच्या भल्यामोठ्या वाक्यांपेक्षा तिचा उपयोग जास्त झाला.

५३ देणारं प्रकरण सगळ्यात लवकर सुटलं. मध्यंतरी राऊटर बदलला होता आणि नव्या राऊटरने बॉक्सला दुसराच पत्ता दिला होता. एका जुन्या कॉम्प्युटरवर बॅकअपच्या सेटिंगमध्ये कोणीतरी नावाऐवजी थेट जुना आकडी पत्ता लिहून ठेवला होता. राऊटरमध्ये बॉक्ससाठी पत्ता राखून ठेवला, सेटिंग दुरुस्त केलं, संपलं.

दुसऱ्या कॉम्प्युटरवरही ५३ येत होता, पण पत्ता बरोबर होता. पिंग केलं, म्हणजे बॉक्सला नुसती हाक मारून पाहिली, तर उत्तर नाही. पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन ही कमांड फाईल शेअरिंगच्या ४४५ पोर्टसाठी चालवली तर तीही नापास. बॉक्सचं ब्राउझरमधून उघडणारं ॲडमिनचं पानसुद्धा त्या मशीनवरून येईना. शेजारच्या मशीनवरून मात्र सगळं झटक्यात येत होतं. मी वायर बदलली, नेटवर्कच्या स्विचवरचं भोक बदललं, फरक शून्य. म्हटलं, या मशीनला रस्ता आहे, पण बॉक्सच याच्याशी बोलायचं टाळतोय. शेजारच्या मशीनवरून बॉक्सचा लॉग, म्हणजे त्याची नोंदवही, उघडला आणि तिथे उत्तर लिहिलेलंच होतं: त्या पत्त्यावरून चुकीच्या पासवर्डने वारंवार प्रयत्न झाले, म्हणून पत्ता ब्लॉक केला.

वारंवार चुकीचा पासवर्ड टाकत कोण बसलं होतं? कोणीच नाही. विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये या शेअरचा जुना पासवर्ड जपून ठेवलेला होता. मध्ये पासवर्ड बदलला गेला, पण ही नोंद राहून गेली. मशीन सुरू झालं की मॅप केलेला ड्राइव्ह, म्हणजे अक्षर देऊन ड्राइव्हसारखा जोडलेला शेअर, आपोआप जोडायचा प्रयत्न व्हायचा, दर वेळी जुन्याच पासवर्डने, आणि बॉक्स नियमाप्रमाणे त्याला बाहेर काढायचा. इथे क्रम महत्त्वाचा आहे. नुसता ब्लॉक उठवला तर थोड्या वेळात तो पुन्हा बसतो. आधी कॉम्प्युटरवरची जुनी नोंद काढायची, मग बॉक्सवरचा ब्लॉक. आणि हा आपोआप ब्लॉक करणारा पहारा कायमचा बंद करा असं कोणी सुचवलं तर ऐकू नये. तो आपलं काम नीट करत होता.

आता नवे कॉम्प्युटर. त्यांच्यावर आकडा आला १२७२, जो माझ्या चिठ्ठीत नव्हता. त्याचा अर्थ असा, की समोरचा शेअर ओळख न विचारता पाहुणा म्हणून आत घेऊ पाहतोय आणि विंडोजला ते मान्य नाही. इथे आमच्या जुन्या व्यवस्थेचं गुपित बाहेर आलं. बॉक्स ज्यांनी बसवून दिला त्यांनी शेअर ‘गेस्ट’साठी खुला ठेवला होता. कोणीही या, लिहा, पुसा. वर्षानुवर्षं बॅकअप बिनबोभाट चालला तो याच मोकळेपणामुळे. कुठल्याही कॉम्प्युटरला कधी नाव सांगावंच लागलं नव्हतं.

विंडोज ११ ची २०२४ सालची आवृत्ती, २४एच२, आली आणि विंडोज प्रो असलेल्या मशीनवर हा पाहुणचार मुळातच बंद झाला. शिवाय एसएमबीच्या प्रत्येक पाकिटावर, म्हणजे नेटवर्कवरून जाणाऱ्या माहितीच्या प्रत्येक तुकड्यावर, सही हवी, असाही आग्रह त्याच आवृत्तीपासून आहे. पाहुण्याकडे पासवर्डच नसल्याने त्याला सही करता येत नाही, म्हणजे तिकडूनही दार बंद. त्यामुळे जुनी मशीन हिरवी आणि नवी लाल. निम्म्या-निम्म्याचं कोडं इथे सुटलं.

यावर सगळीकडे सापडणारा उपाय म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगमध्ये, रजिस्ट्रीत किंवा ग्रुप पॉलिसीत, एक नोंद बदलून पाहुण्याला परत येऊ द्यायचं. मिनिटभराचं काम आहे आणि चालतंही. मी ते केलं नाही. बॅकअपचं फोल्डर गेस्टला खुलं ठेवणं म्हणजे खंडणीखोर व्हायरसला जेवणाचं आमंत्रण. असा व्हायरस एका कॉम्प्युटरवर शिरला की त्याला पोचता येईल असा प्रत्येक शेअर तो कुलूपबंद करतो, आणि मूळ फाईल व तिची प्रत एकाच रात्रीत जातात. मग बॅकअप घ्यायचा कशाला?

माझ्याआधी कोणीतरी या अडचणीवर अर्धा उपाय करून ठेवला होता, आणि दिवस-रात्रीचा घोळ त्या अर्ध्या उपायातूनच झाला होता. पाहुण्याचं दार तसंच ठेवून शेअरला एक नाव-पासवर्डही दिला होता आणि टेबलाटेबलावर जाऊन तो एकदा टाकून ‘लक्षात ठेवा’वर खूण केली होती. म्हणून ताईंकडे फोल्डर उघडत होतं. पासवर्ड त्यांच्या लॉगिनच्या तिजोरीत, म्हणजे क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये होता. बॅकअप मात्र ताई चालवत नव्हत्या. तो विंडोजची एक सर्व्हिस चालवत होती, ‘सिस्टिम’ या खात्याखाली. ताईंच्या तिजोरीतलं काहीही त्या खात्याला दिसत नाही. दिवसपाळीच्या माणसाच्या खिशातली किल्ली रात्रपाळीच्या माणसाला कशी मिळणार? पूर्वी किल्लीच लागत नव्हती, म्हणून हा प्रश्न कधी उठला नाही.

हे मला तर्काने पटलं होतं, पण डोळ्यांनी पाहायचं होतं. ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या टास्क शेड्यूलरमध्ये एक छोटं काम बनवलं, ‘सिस्टिम’ खात्याखाली चालणारं. त्यात दोनच कमांड: एक ‘हूॲमआय’, म्हणजे मी कोण, आणि दुसरी ‘नेट यूज’, म्हणजे मला कुठले नेटवर्क ड्राइव्ह दिसतात. दोन्हींचं उत्तर सी ड्राइव्हवरच्या एका टेक्स्ट फाईलमध्ये लिहून ठेवायला सांगितलं. काम चालवून फाईल उघडली. पहिल्या ओळीत ‘एनटी ऑथॉरिटी, सिस्टिम’. खाली ड्राइव्हची यादी रिकामी. ताईंच्या स्क्रीनवर त्याच क्षणी झेड ड्राइव्ह ठळक दिसत होता.

मॅप केलेला ड्राइव्ह हा कॉम्प्युटरचा नसतो, लॉगिनचा असतो. हे एकदा डोक्यात बसलं की बऱ्याच विचित्र गोष्टी विचित्र राहत नाहीत. एका मशीनवर बॅकअपचं ठिकाण म्हणून चक्क झेड ड्राइव्ह लिहिलेला होता. तो रात्री कधीच चालणार नव्हता, कारण त्या खात्यापुरता झेड ड्राइव्ह अस्तित्वातच नाही. इतकंच काय, ताईंच्याच लॉगिनमध्ये कमांडची खिडकी ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडली तरी झेड गायब होतो, कारण वाढीव अधिकारांचं सत्र विंडोज वेगळं धरतं. तिथे तपासणी करत बसलेला माणूस भलत्याच निष्कर्षाला येऊ शकतो. म्हणून ठिकाण लिहायचं ते दोन उलट्या तिरप्या रेघा, बॉक्सचं नाव, तशीच आणखी एक रेघ, शेअरचं नाव असं पूर्ण. ड्राइव्हचं अक्षर नकोच.

एका कॉम्प्युटरवर बॅकअपचं वेगळं सॉफ्टवेअर नव्हतं, टास्क शेड्यूलरमधून चालणारी एक स्क्रिप्ट, म्हणजे कमांडची यादी, फाईली कॉपी करायची. तिथे पूर्ण पाथ होता, खातंही माणसाचं होतं, तरी काम अपयशी. ‘युजर लॉगऑन असो वा नसो, चालवा’ या पर्यायाच्या खाली एक चौकोन असतो: पासवर्ड साठवू नका. त्यावर खूण होती. सुरक्षित वाटावं असंच ते नाव आहे, पण ती खूण असली की त्या कामाला फक्त त्या कॉम्प्युटरवरच्याच गोष्टी मिळतात, नेटवर्कवर स्वतःची ओळख देता येत नाही. चौकोनाच्या शेजारी हे बारीक अक्षरात लिहिलेलंही आहे. खूण काढली, पासवर्ड दिला, स्क्रिप्ट धावली.

बाकी सगळीकडे एकच पद्धत ठेवली. बॉक्सवर फक्त बॅकअपसाठी स्वतंत्र युजर बनवले, प्रत्येक कॉम्प्युटरला एक, प्रत्येकाचं वेगळं फोल्डर. त्यांची नावं-पासवर्ड बॅकअपच्या सॉफ्टवेअरमध्येच, ठिकाणाच्या सेटिंगमध्ये भरले, विंडोजच्या तिजोरीत नाही. टेबलावर बसणाऱ्या कोणाच्याही लॉगिनला बॅकअपच्या शेअरवर अधिकार ठेवला नाही. रोजच्या कामाच्या फाईलींसाठी दुसरा शेअर आहे, तो त्यांना दिसतो.

“म्हणजे आता मला बॅकअप दिसणारच नाही?” ताईंनी विचारलं.

“नाही दिसणार. तुम्हाला दिसत नाही म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरवर शिरलेल्या व्हायरसलाही सहज दिसत नाही.”

त्यांना ते फारसं रुचलं नाही. फाईल आपल्या डोळ्यांसमोर असली की ती सुरक्षित आहे असं माणसाला वाटतं. शेवटी त्यांना रोजच्या अहवालाची मेल सुरू करून दिली, तेव्हा त्या राजी झाल्या.

नवे युजर तपासताना १२१९ भेटला. ताईंच्या लॉगिनमध्ये बसून बॅकअपच्या युजरने शेअर जोडायला गेलो तर विंडोज म्हणालं, याच सर्व्हरशी दुसऱ्या नावाने जोडणी आधीच आहे. एका सत्रात एका सर्व्हरकडे एकाच नावाने जाता येतं, दोन नावांनी नाही, भले दोन शेअर वेगळे असोत. ‘नेट यूज’ला तारांकन आणि डिलीट जोडून सगळ्या जोडण्या तोडता येतात, पण मग उघड्या फाईलींवर काम करणारा माणूस ओरडतो. तपासणीपुरती एक पळवाट आहे: बॉक्सच्या नावाऐवजी त्याचा आकडी पत्ता वापरायचा. विंडोजच्या लेखी तो दुसरा सर्व्हर ठरतो. कायमच्या व्यवस्थेत ही पळवाट ठेवू नये. तशी गरजही पडत नाही, कारण रात्रीची सर्व्हिस स्वतःच्या सत्रात चालते आणि ताईंच्या जोडणीशी तिची टक्कर होत नाही. कोण कुठल्या नावाने आणि एसएमबीच्या कुठल्या आवृत्तीत जोडलं गेलंय ते गेट-एसएमबीकनेक्शन या कमांडमध्ये एका ओळीत दिसतं. ती मला आधी माहीत असती तर बरंच चालणं वाचलं असतं.

यानंतर ओळी हिरव्या झाल्या, एक सोडून. तिथे बॅकअप पूर्ण व्हायचा आणि मग जुन्या प्रती काढण्याच्या टप्प्यावर ५ येऊन अडकायचा. परवानग्या दोन जागी असतात: एक शेअरवर, दुसरी आतल्या फाईल-फोल्डरवर. दोन्हींत जी कडक, ती लागू होते. शेअरवर नव्या युजरला लिहायची-पुसायची मुभा होती, पण आतल्या जुन्या फाईली पाहुण्याच्या काळातल्या, त्यांची मालकी भलत्याच खात्याकडे. नवा युजर नवी फाईल लिहू शकत होता, जुनीला हात लावू शकत नव्हता. डिस्क भरेपर्यंत हे कोणाच्या लक्षातही आलं नसतं. जुनं फोल्डर तसंच बाजूला ठेवलं, रिकाम्या फोल्डरात पहिला पूर्ण बॅकअप घेतला आणि नव्या साखळीचा भरवसा वाटल्यावर जुनं काढून टाकलं. परवानग्या उसवत बसण्यापेक्षा हे सोपं पडलं.

परवानगी तपासायची तर फोल्डर उघडून पाहणं पुरेसं नाही. त्याच युजरने एक फाईल तयार करायची, तिचं नाव बदलायचं, तिच्यात भर घालायची, मग ती पुसायची. बॅकअपचं सॉफ्टवेअर हे चारही उद्योग करतं. सोबत एक चांगली दणदणीत फाईलही टाकून पाहावी, कारण बॉक्सला बाहेरून जोडलेली एखादी डिस्क एफएटी३२ या जुन्या मांडणीची निघाली तर ती ४ जीबीपेक्षा मोठी फाईल घेतच नाही, आणि बॅकअपच्या फाईली बहुधा त्याहून मोठ्याच असतात.

बॉक्सवर स्नॅपशॉटची, म्हणजे फोल्डरची त्या क्षणाची स्थिती जपून ठेवण्याची, सोय होती, ती सुरू केली. आठवड्यातून एकदा बाहेरच्या डिस्कवर प्रत घेऊन ती डिस्क काढून दुसरीकडे ठेवायची, असंही ठरलं. तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमं, एक प्रत जागेबाहेर, हा जुना हिशेब अजून खोटा ठरलेला नाही. मग खरी परीक्षा. ताईंच्या कॉम्प्युटरवरची मागच्या वर्षाची हिशेबाची फाईल बॅकअपमधून दुसऱ्याच मशीनवर काढली आणि त्यांना उघडून बेरजा तपासायला सांगितल्या. जुळल्या.

सगळं झाल्यावर एक जण मात्र उपाशी राहिला: स्कॅनर. झेरॉक्स, प्रिंट, स्कॅन सगळं करणारं ते जुनं मशीन स्कॅन केलेला कागद थेट शेअरवर टाकायचं. बॉक्स आवरताना मी त्याच्यावरची एसएमबीची पहिली आवृत्ती बंद केली आणि स्कॅनिंग थांबलं, कारण त्या मशीनला तेवढीच आवृत्ती येते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला तो याच आवृत्तीतल्या भोकातून. दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती, पण असंख्य मशीनवर ती बसवलेलीच नव्हती. त्याच वर्षाच्या शेवटाकडे आलेल्या विंडोज १० च्या १७०९ या आवृत्तीपासून ताज्या विंडोजवर एसएमबीची ही पहिली आवृत्ती सहसा बसवलेली नसते. एका स्कॅनरसाठी ती परत सुरू करा, असा आग्रह झाला. मी नाही म्हटलं.

त्या मशीनला एफटीपी, म्हणजे फाईल पाठवायची दुसरी एक जुनी पद्धत, येतं. बॉक्सवर एफटीपी फक्त ऑफिसच्या आतल्या नेटवर्कपुरतं सुरू केलं, स्कॅनरसाठी एक युजर बनवला, त्याला एकच फोल्डर दिलं. एफटीपीत पासवर्ड उघडाच जातो, म्हणून तो पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरलेला नाही. स्कॅनच्या त्या फोल्डरातून लोक आपापले कागद उचलून नेतात, आणि जे नेत नाहीत त्यांचे महिनाभराने आपोआप पुसले जातात. यावरून ऑफिसात अजून कुरबूर चालू आहे.